आई गाडीतच आहे

मी परवाना बोलतोय. दचकू नका. परवाने बोलत नाहीत असं तुमचं म्हणणं असेल, तर दोष तुमच्या कानांचा. त्यासाठी वेगळा परवाना मिळतो, अर्ज करा.

अपंग माणसाच्या गाडीला दाराजवळची जागा मिळावी म्हणून पुढच्या आरशाला जे निळं कार्ड टांगतात ना, ते मी. तळहाताएवढा जीव, अंगावर प्लास्टिकचं कातडं. पुढच्या अंगाला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र आहे. त्याला चित्रकाराने तोंडच दिलेलं नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी बोलतो. मागच्या अंगाला एका बाईचा फोटो.

शाळा मी पाहिलेली नाही. अंगावर जेवढी अक्षरं छापली तेवढंच माझं शिक्षण. त्यात एक ओळ आहे, ‘हा परवाना वाहनास नसून व्यक्तीस आहे.’ मी अर्धशिक्षित असूनही मला ती कळते. मोठमोठ्या पदव्यावाल्यांना कळत नाही. त्यांना फक्त निळा रंग दिसतो आणि दाराजवळची जागा दिसते.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावर झाला. ज्यांना जिना चढवत नाही त्यांना परवाने देणारं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर! लिफ्ट होती. तिच्या दाराशी फायलींचे गठ्ठे रचून ठेवले होते, म्हणजे ती बंद पडलीय हे कुणाला दिसू नये.

बाई वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. टेबलामागच्या कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“चालून दाखवा.”

“चालता आलं असतं तर तुझं तोंड बघायला आले असते का?”

“मग वर कशा आलात?”

“बसत बसत. आणि दर पायरीला तुला एकेक शिवी देत. वरच्या वीस-पंचवीस जरा जास्तच झाल्या, मनाला लावून घेऊ नकोस.”

कारकुनाने घाईघाईने शिक्का मारला आणि मी जन्माला आलो. मला बाई तिथेच आवडली.

बाई कोण, तर बसमधली कंडक्टर. लोक बसून प्रवास करत आणि ती उभी राहून. नोकरी संपेपर्यंत दोन्ही गुडघ्यांची अशी वाट लागली, की ती चालायला लागली की शेजारच्या खोलीत कुणी जातं फिरवतंय असं वाटावं. नवरा केव्हाच वारला होता. राहायची मुलाकडे, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत तिच्याखेरीज जुना पंखा, इस्त्रीचं टेबल आणि कुणालाच नको असलेली सायकल. थोडक्यात, घरातल्या बिनकामाच्या वस्तूंची खोली.

आता मंडळींची ओळख करून देतो. मुलगा, म्हणजे आमचे चिरंजीव. विम्याच्या ऑफिसात साहेब. पोट पुढे, नजर फोनमध्ये. त्यांची पत्नी सूनबाई, गोड बोलण्यात पटाईत. त्यांच्या बोलण्याला मुंग्या लागत नाहीत याचंच मला आश्चर्य वाटतं. आणि चिरंजीवांची धाकटी बहीण, ती कन्यारत्न. राहायला दोन गल्ल्या पलीकडे, पण आईच्या खोलीपर्यंत यायला तिला वर्ष लागायचं.

मी घरात आलो आणि चमत्कार झाला.

चिरंजीवांनी मला आरशाला टांगलं आणि मोठ्या दुकानाच्या थेट दारात गाडी लावली. इतर लोक पार मागच्या भिंतीपाशी गाड्या लावून उन्हातून तंगड्या तोडत येत होते. चिरंजीवांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू आपण स्वतःच गुडघे झिजवून ही जागा मिळवलीय.

बातमी कन्यारत्नापर्यंत पोचायला फोनच्या एका घंटीचा वेळ लागला. त्या रविवारपासून ती दर आठवड्याला दारात हजर. “दादा, आज आईला मी नेते.”

“मागच्या रविवारी तूच नेलंस की!”

“तेव्हा माझं पार्लर होतं, अर्ध्या तासाचं काम. ते धरू नकोस.”

“वा गं वा! आई काय तुझी एकटीचीच आहे?”

आईवरून भावंडं भांडताहेत! बाईला भरून आलं. बिचारीने कपाटातला चांगला कपडा काढला, केस विंचरले, तोंडाला पावडर लावली. म्हातारपणी का होईना, मुलांना माया आली असं तिला वाटलं. मी आरशाला लटकून हसत होतो. माया वगैरे काही नव्हती हो. शहरातल्या पार्किंगची टंचाई होती.

दुकानाच्या दारात गाडी थांबली. बाईने दाराच्या मुठीला हात घातला, तर कन्यारत्न म्हणालं, “आई, तू कशाला उतरतेस? तुला त्रास. बस इथेच, पाच मिनिटांत आले.”

यांच्या पाच मिनिटांवर मी एक पोथी लिहीन. त्या पाच मिनिटांत उन्हं भिंतीवरून गाडीच्या टपावर आणि टपावरून बाईच्या मांडीवर यायची. काच बोटभर उघडी ठेवायचे. कुत्र्याला ठेवतात तशी. नाही, चुकलो. कुत्र्याला मधूनमधून कुणीतरी बघायला येतं.

आता ऐका, या शहाण्यांचं गणित कुठे चुकलं ते. दाराजवळची जागा असते उतरणाऱ्यासाठी. शेजारी पट्टे मारून जी मोकळी जागा सोडतात, ती दार पूर्ण उघडून खुर्ची बाहेर काढायला. ज्याला उतरायचंच नाही त्याला दार काय आणि कोपरा काय, सारखंच. पण आमच्या मंडळींनी आईला गाडीत बसवलं आणि स्वतः टुणटुणीत पायांनी उतरली. वर मनात समाधान, की आपण नियमाने वागतो. आईला सोबत आणलंय की!

नियम बघायला तिथे एक पार्किंगवाला असायचा. त्याची शिट्टी सदा तोंडात, जेवताना काढत असावा. म्हणून मी त्याचं नावच शिट्टी ठेवलं. त्याच्या हातात एक यंत्र असायचं, ते माझ्यासमोर धरलं की हिरवा दिवा लागायचा. मग शिट्टी विचारायचा, “कार्डावरची व्यक्ती कुठेय?”

“आई गाडीतच आहे,” चिरंजीव मागे न बघता सांगायचे.

शिट्टी काचेला नाक लावून आत डोकवायचा. एकदा फोटो बघायचा, एकदा बाईला. बाईही त्याला जीभ काढून दाखवायची. शिट्टीचं समाधान व्हायचं. माणूस आहे ना आत? झालं तर. ते उतरलं का, हे बघायचं त्याच्या यंत्रात नव्हतं.

याच शिट्टीने एकदा शेजारच्या गाडीतून उतरलेल्या तरण्याबांड पोराला अडवलं होतं. “चांगला तर चालतोस! कसला अपंग तू?” पोराने विजार वर केली, गुडघ्याखालचा कृत्रिम पाय काढला आणि शिट्टीच्या हातात दिला. “धरा जरा. तुमची खात्री झाली की आवाज द्या, मी इथेच टेकतो.” शिट्टीच्या तोंडातून शिट्टी आयुष्यात प्रथमच खाली पडली. त्या दिवशी बाई आणि मी असे हसलो की गाडी हलली.

तर अशी बाईने शहरातली सगळी चांगली ठिकाणं पाहिली. बाहेरून. नाटकगृहाची भिंत, लग्नाच्या हॉलचा मागचा दरवाजा, हॉटेलच्या भटारखान्याचं धुराडं. नातवाच्या बक्षीस समारंभात तिने टाळ्या वाजवल्या त्या गाडीत बसून, आतला आवाज ऐकून. आणि नंतर कळलं की त्या टाळ्या दुसऱ्याच पोराच्या होत्या.

बाईची धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहायची. सकाळच्या गाडीत बसलं की संध्याकाळी पोचावं, एवढं अंतर. तिची नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती फोनवर म्हणायची, “ताई, मला अजून माणसाचा चेहरा थोडा थोडा दिसतो गं. तो दिसतोय तोवर ये. नंतर आलीस तर तुला नुसता आवाज असेल.”

एवढीच बाईची मागणी होती. एक दागिना मागितला नाही तिने, की मोठी खोली मागितली नाही. मला आगगाडीत बसवून द्या.

“बघू पुढच्या महिन्यात,” चिरंजीव.

“एवढा प्रवास झेपायला हवा ना आई तुम्हाला? आम्हाला काळजी वाटते,” सूनबाई. घ्या, लागल्या मुंग्या.

“तिकडचं बाथरूम कसं असेल कोण जाणे,” कन्यारत्न.

पुढचा महिना असाच पुढे पुढे सरकत राहिला. खरं कारण मला एका रविवारी कळलं. गाडीत पुढे चिरंजीव आणि सूनबाई, मागे कन्यारत्न आणि बाई.

“महिनाभर गेली म्हणजे पंचाईत,” कन्यारत्न म्हणालं. “ऐन लग्नसराई आहे. त्या हॉलपाशी जागा कुठे मिळते?”

“ती जाईल, कार्ड ठेवून जाऊ दे,” चिरंजीव.

“तो शिट्टीवाला आत डोकावतो त्याचं काय?” सूनबाई.

“हां, ते एक आहे. मग नकोच पाठवायला.”

बाई खिडकीबाहेर बघत होती. मग शांतपणे म्हणाली, “अरे, मी गाडीतच आहे.”

तिघंही हसली. “आई पण ना! काय टोमणे मारते!” आणि पुन्हा लग्नांची यादी सुरू.

मी हसलो नाही. आरशातून मला तिचा चेहरा दिसत होता. ज्या बाईने भरलेल्या बसमध्ये दांडगट माणसांना नुसत्या नजरेने मागे सरकवलं, ती मूग गिळून बसली होती. मी तर साधं प्लास्टिक. पण त्या दिवशी मला माझ्या निळ्या रंगाची शिसारी आली.

मग सूनबाईंचा भाऊ यायचा दिवस उजाडला. बायकापोरांसह, सामानसुमान घेऊन. त्याला आणायला स्टेशनवर जायचं, म्हणजे दारातली जागा हवी, म्हणजे आई हवी. घेतली. चिरंजीव, सूनबाई आणि कन्यारत्न उतरून फलाटाकडे गेले. जाताना नेहमीचं, “पाच मिनिटं हं, आई.”

तिघं वळणाआड झाल्यावर बाईने पर्स छातीशी धरली आणि दाराची मूठ ओढली. दार उघडेना. पोरंटोरं धावत्या गाडीत दार उघडतात म्हणून मागच्या दारांना जे कुलूप असतं, ते चिरंजीवांनी लावून ठेवलं होतं. आईला! आतून उघडू नये म्हणून!

बाईने मूठ सोडली. मग दोन सीटांच्या फटीतून तिने हात पुढे घातला आणि भोंग्यावर तळवा दाबून धरला. अहो, काय तो आवाज! कबुतरं उडाली. चहावाल्याचा कप सुटला. इथलाही पार्किंगवाला होता तसाच, शिट्टीचा सख्खा भाऊ शोभावा असा. तो धावत आला.

“काय झालं? कोकलताय कशाला?”

“बाहेरून दार उघड.”

त्याने उघडलं. बाईने वाकून मला आरशावरून उतरवलं आणि पर्समध्ये टाकलं.

“ओ बाई, कार्ड काढलंत तर गाडी उचलावी लागेल हां!”

“मग उचल की. मुहूर्त बघतोयस का?”

“गाडी कुणाची आहे?”

“माझी नाही बाबा. माझं फक्त कार्ड आहे.”

तिच्या काठीचा आवाज फरशीवर असा वाजत गेला की मला पर्समध्येही ऐकू आला. मदत कक्षाच्या खिडकीत एक गृहस्थ कोडं सोडवत बसले होते. खिडकी इतकी उंच, की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला नुसतं त्यांचं छत दिसावं.

“खुर्ची आणि गाडीत चढायचा रॅम्प पाहिजे,” बाई म्हणाली.

“आधी एक दिवस कळवावं लागतं.”

“मला स्वतःलाच आत्ता कळलंय.”

गृहस्थांनी कोड्यातून मान वर काढली. बाईने कंडक्टरची ती जुनी नजर लावली असावी, कारण ते उठले. हमाल खुर्ची घेऊन आला. रॅम्प कुठे मिळाला म्हणता? पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याने त्याचं फडताळ केलं होतं. बाटल्या उतरवताना तो म्हणतो कसा, “आत्ता कुठे नीट मांडल्या होत्या!” धन्य ते मदत कक्ष आणि धन्य त्यांच्या भिंतीवरच्या ‘आम्ही आपल्या सेवेत’ अशा पाट्या. त्या पाट्याच काय त्या सरळ उभ्या होत्या.

हमाल खुर्ची ढकलत फलाटावरून निघाला आणि मी पर्सच्या फटीतून पाहतो, तर समोरून आमची वरात. पुढे चिरंजीव, दोन्ही हातांत बॅगा, मानेत फोन. माझा प्लास्टिकचा जीव गारठला. संपलं म्हटलं. चिरंजीव खुर्चीपाशी आले, आणि फोन न सोडता हमालावर खेकसले, “जरा बाजूने घे ना रे! माणसं चालतायत दिसत नाही का?”

आणि निघून गेले. खुर्चीत कोण आहे हे पाहिलंसुद्धा नाही. सूनबाईंनी नाही, कन्यारत्नानेही नाही. गाडीबाहेर आईला ती तिघं ओळखतच नव्हती.

गाडी सुटली. थोड्या वेळाने बाईचा फोन वाजला.

“आई! कार्ड कुठाय? गाडी उचलून नेतायत! कार्ड कुठे ठेवलंस तू?”

बाई वाट बघत थांबली. तिला वाटलं, पुढचा प्रश्न येईल. तो आलाच नाही. चिरंजीव पलीकडे गाडी उचलणाऱ्यांशी भांडत होते. बाईने फोन बंद केला आणि समोरच्या बाकावरच्या मुलीला म्हणाली, “बाळ, खिडकी उघडतेस का जरा? पूर्ण उघड.”

बहिणीच्या दारात पोचली तेव्हा उजेड शिल्लक होता. बहिणीने तिला खिडकीपाशी नेलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नाकाला नाक लागेल इतकी जवळ आली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

“ताई, किती सुरकुत्या गं!”

“तुझी नजर गेलीय मेले. मी आहे तशीच आहे.”

दोघी एकमेकींना धरून हसल्या आणि मग रडल्या. मी पर्समध्ये होतो, म्हणून माझी अब्रू वाचली.

तिथे माझं खरं आयुष्य सुरू झालं. शेजारी एक टॅक्सीवाली राहायची. तिच्या आरशाला मी लटकायचो, बाजाराच्या दारात गाडी थांबायची, दार सताड उघडायचं आणि बाई उतरायची! पट्ट्यांच्या जागेत काठी टेकवायची, मग एक पाय, मग दुसरा. बहीण तिचा दंड धरायची. एकीला दिसत नाही, एकीला चालवत नाही. दोघी मिळून भाजीवाल्याला पुरून उरायच्या. उतरायची जागा कशासाठी असते, ते मी तेव्हा प्रथम पाहिलं.

परतीचं नाव बाईने काढलं नाही. त्या गावचं परवान्याचं ऑफिस तळमजल्यावर होतं, जगात असंही असतं. पत्ता बदलला म्हणून नवं कार्ड मिळालं. तिथली मुलगी म्हणाली, “जुनं आजपासून रद्द झालं. घरी गेल्यावर कात्रीने कापून टाका.”

म्हणजे मी मेलो. बाईने कात्री काढली, मला हातात घेतलं आणि कात्री परत ठेवली.

चिरंजीव येणार असल्याचा फोन आला होता.

तिने मला बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलं, बिस्किटांच्या बशीशेजारी. बहिणीला म्हणाली, “बघू काय न्यायला आलाय. ‘आई, चल’ म्हणाला तर चार दिवस जाऊन येईन. खरंच जाईन गं.”

चिरंजीव आले. गाडी लांब लावावी लागली म्हणून घामाघूम. “आई, तुझ्यावाचून घर सुनं सुनं वाटतं,” ते माझ्याकडे बघत म्हणाले. बाई चहा करायला आत गेली, मुद्दामच जास्त हळू. मावशी खुर्चीत बसली होती, पण तिला कुठे दिसतंय! चिरंजीवांचा हात बशीकडे गेला आणि मी त्यांच्या खिशात गेलो.

“मिळालं का रे?” मावशीने विचारलं.

“अं? काय, मावशी?”

“बिस्कीट रे. दुसरं काय!”

बाई चहा घेऊन आली. तिने टेबल पाहिलं. माझ्या रिकाम्या जागेवर तिने कप ठेवला. थट्टा करणाराही मनातून देवाकडे मागत असतो, की ही थट्टा फसू दे. फसली नाही. चिरंजीव घाईत चहा प्यायले, उठले. चल म्हणाले नाहीत.

“सावकाश जा,” बाई म्हणाली.

तर सध्या मी पुन्हा जुन्याच आरशाला लटकतोय. मोठ्या दुकानाचं दार समोर आहे. मागच्या सीटवर एका लोडाला शाल गुंडाळून बसवलंय, वर बाईचा जुना चष्मा. कल्पना सूनबाईंची. लोड आईपेक्षा बरा, टोमणे मारत नाही.

वाचकहो, निरोपाच्या वेळी लोक हात जोडतात. मी जोडणार नाही. तुमच्यातही चिरंजीव असतील, ‘एक मिनिट’ म्हणून निळ्या जागेत गाडी घुसवणारे, पट्ट्यांवर मोटारसायकल उभी करणारे. त्यांचे गुडघे एक ना एक दिवस झिजतील, आणि त्यांची मुलं काच बोटभर उघडी ठेवून जातील. हा शाप समजा. प्लास्टिकचा आहे, लवकर कुजत नाही.

नव्या कार्डाचा मात्र मला हेवा वाटतो. या घटकेला तिकडे टॅक्सीचं दार उघडलं असेल. त्याची बाई उतरत असेल.

तो बघा शिट्टी आला. काचेला नाक लावून लोडाकडे बघतोय. लोडाने जीभ काढली नाही, म्हणून त्याला संशय आलाय. आता यंत्र माझ्यासमोर धरतोय. चिरंजीव, तुम्ही फोनवर बोला निवांत. दिवा लाल लागायला पाच मिनिटं लागत नाहीत.